प्रथिन-औषधांसाठी जैवविघटनशील सूक्ष्मगोल : निर्मिती, अडचणी आणि अध्यापन

प्रस्तावना

गर्भवती स्त्रीला धनुर्वातापासून संरक्षण देण्यासाठी एक टोचणी पुरत नाही. पहिली टोचणी गरोदरपण लक्षात येताच आणि दुसरी त्यानंतर चार आठवड्यांनी, असा आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाचा नियम आहे. बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरसारख्या धानाच्या मुलुखात पहिली टोचणी आषाढाच्या आरंभी झाली, तर दुसरीची तारीख ऐन रोवणीत येते. त्या दिवसांत बाई सकाळपासून बांधीत असते, मजुरीसाठी परगावी गेलेली असते किंवा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोहोचलेली असते. अशा ठिकाणी दुसरी टोचणी राहून जाण्याची भीती कायम असते.

यावर एक विचार सहज सुचतो. दोन्ही मात्रा एकाच टोचणीत देता आल्या तर? एक मात्रा लगेच काम करील आणि दुसरी शरीरात थांबून महिन्याभराने आपोआप सुटेल. वैज्ञानिकांनी हा विचार गेली अनेक दशके गांभीर्याने घेतला आहे. त्यासाठी त्यांनी जे साधन निवडले, ते म्हणजे जैवविघटनशील बहुवारिकांचे सूक्ष्मगोल. प्रस्तुत लेखात हे सूक्ष्मगोल कशाचे असतात, ते कसे तयार करतात, प्रथिन-औषधांच्या बाबतीत काम कोठे अडते आणि हा विषय महाविद्यालयीन वर्गात कसा मांडता येईल, याचा क्रमाने विचार केला आहे.

परिभाषेविषयी थोडेसे

आपल्या सीमाभागात विद्यार्थी घरी मराठी किंवा पोवारी बोलतो, शाळेत हिंदीतून शिकतो आणि काही जण उर्दू माध्यमातून येतात. त्यामुळे एकाच वस्तूची तीन नावे वर्गात फिरत असतात. इंग्रजीतील पॉलिमरला मराठीत बहुवारिक आणि हिंदीत बहुलक म्हणतात. मराठीतील द्रावण हिंदीत विलयन आणि उर्दूत महलूल होते. प्रथिनांना उर्दूत लहमियात हा शब्द आहे. तो ‘लहम’ म्हणजे मांस या शब्दावरून आला आहे. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरले की पायस तयार होते. मराठीत पायस म्हणजे खीरही होत असल्यामुळे विद्यार्थी हसतात. पण दूध हे स्वतःच स्निग्धांशाचे पाण्यातील पायस आहे, हे सांगितले की शब्द पक्का लक्षात राहतो.

येथे सूक्ष्मगोल म्हणजे सुमारे १ ते १०० मायक्रोमीटर व्यासाचे गोल कण. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर असते, यावरून आकाराची कल्पना यावी. असे कण द्रवात मिसळून इंजेक्शनच्या सुईतून देता येतात.

प्रथिन-औषधांचा स्वभाव

इन्सुलिन, वाढीचे संप्रेरक, लसींतील टॉक्सॉइड ही सर्व प्रथिने आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी ठरावीक पद्धतीने घडी घालून बसलेली असते आणि तिचे कार्य त्या घडीवर अवलंबून असते. साखळी शाबूत राहिली पण घडी उलगडली, तर औषध निकामी होते. तोंडाने दिलेले प्रथिन जठरातील आम्ल आणि पाचक रस पचवून टाकतात. म्हणूनच मधुमेही रुग्णाला इन्सुलिन टोचून घ्यावे लागते.

अशी प्रथिने आता आपल्याकडेही तयार होतात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये स्थापन झाली. घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचे प्रतिविष तयार करणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते, आणि पुढे ती लसनिर्मितीतील जगातील मोठी संस्था झाली. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मोठा पाया असलेल्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. प्रथिन तयार करण्याचा प्रश्न अशा रीतीने बराच सुटला आहे. ते शरीरात हळूहळू आणि शाबूत कसे सोडावे, हा प्रश्न उरतो.

बहुवारिक कोणते आणि का

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे बहुवारिक लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकॉलिक आम्ल या दोन लहान रेणूंच्या जोडणीतून बनते. त्याला थोडक्यात पीएलजीए म्हणतात. लॅक्टिक आम्ल आपल्याला परके नाही. दह्याचा आंबटपणा त्याचाच, आणि श्रमाने थकलेल्या स्नायूंतही ते तयार होते.

पीएलजीएच्या साखळीतील दुवे एस्टर बंधांचे असतात. पाण्याच्या संपर्कात हे बंध हळूहळू तुटतात आणि शेवटी मूळची दोन्ही आम्ले परत मिळतात. शरीर त्यांचा नेहमीच्या चयापचयात वापर करते आणि त्यांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. बाहेर काढावे लागेल असे काही मागे उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातील आहेत. ग्लायकॉलिक आम्लाच्या बहुवारिकाचे टाके १९७० च्या सुमारास वापरात आले आणि काही वर्षांत दोन्ही आम्लांच्या मिश्र बहुवारिकाचे टाकेही आले. हे द्रव्य माणसाच्या शरीरात चालते, हे औषधशास्त्राला शल्यचिकित्सेकडून आयते कळले.

दोन आम्लांचे प्रमाण बदलून विघटनाचा काळ बदलता येतो. लॅक्टिक आम्लाचा भाग पाण्याला दूर ठेवतो. त्यामुळे तो जितका अधिक, तितके विघटन सावकाश. समसमान प्रमाणाचे बहुवारिक साधारण एक ते दोन महिन्यांत विघटित होते, तर ७५ भाग लॅक्टिक आणि २५ भाग ग्लायकॉलिक असलेल्याला चार ते पाच महिने लागतात. साखळीची लांबी आणि गोलांचा आकार यांनीही हा काळ कमी-अधिक होतो.

१९७६ मध्ये बोस्टन येथे काम करणाऱ्या रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बहुवारिकातून प्रथिनासारखे मोठे रेणू दीर्घकाळ सोडता येतात, हे त्यांनी दाखवले. त्यांनी वापरलेली बहुवारिके विघटनशील नव्हती, परंतु मोठा रेणू बहुवारिकातून बाहेर येऊच शकत नाही, ही तोवरची समजूत त्यामुळे मोडली.

निर्मितीची पद्धत

प्रथिने पाण्यात विरघळतात आणि पीएलजीए पाण्यात विरघळत नाही. ते डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात विरघळते. ही अडचण दुहेरी पायसाच्या पद्धतीने सोडवतात. प्रयोगशाळेतील क्रम साधारण असा असतो.

१) प्रथिन अगदी थोड्या पाण्यात विरघळवतात.

२) पीएलजीए डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतात. प्रथिनाचे द्रावण त्यात घालून वेगाने घुसळतात किंवा उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी सोडतात. बहुवारिकाच्या द्रावणात पाण्याचे सूक्ष्म थेंब पसरतात. हे पहिले पायस.

३) हे पायस पॉलिव्हिनिल अल्कोहोल विरघळवलेल्या बऱ्याच मोठ्या प्रमाणातील पाण्यात ओतून पुन्हा ढवळतात. आता पाण्यात बहुवारिकाचे थेंब आणि त्या थेंबांच्या पोटात प्रथिनयुक्त पाण्याचे थेंब अशी रचना होते. हे दुहेरी पायस. पॉलिव्हिनिल अल्कोहोल थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही.

४) मिश्रण काही तास ढवळत ठेवतात. डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते लवकर उडून जाते. द्रावक गेले की थेंब घट्ट होऊन त्यांचे गोल बनतात.

५) गोल वेगळे करून धुतात, गोठवून निर्वातात सुकवतात आणि त्यांची कोरडी भुकटी थंड जागी ठेवतात.

ढवळण्याचा वेग वाढवला की गोल लहान होतात. बहुवारिकाचे द्रावण दाट केले की ते मोठे होतात. फार लहान, म्हणजे १० मायक्रोमीटरपेक्षा छोटे कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात. लसीसाठी ते कधी कधी उपयोगी पडते, पण संप्रेरकाचा साठा करायचा असेल तर मोठे गोल घ्यावे लागतात.

गोल कसे उतरले, हे काही साध्या आकड्यांवरून पाहतात. समजा, १० मिलिग्रॅम प्रथिन घेतले आणि तयार गोलांत ७ मिलिग्रॅम सापडले, तर बंदिस्तीचे प्रमाण ७० टक्के झाले. ते गोल एकूण २०० मिलिग्रॅम भरले, तर प्रथिनाचा भार ३.५ टक्के झाला. शिल्लक द्रावकही मोजावे लागते. औषधांत डायक्लोरोमिथेन दशलक्ष भागांत ६०० भागांपेक्षा अधिक राहू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. निर्जंतुकीकरण ही आणखी एक कठीण बाब आहे. उष्णतेने गोल वितळतात आणि सूक्ष्म गाळणीतून एवढे मोठे कण जात नाहीत. गॅमा किरणांनी बहुवारिकाच्या साखळ्या तुटतात आणि प्रथिनालाही इजा होते. म्हणून बहुधा सुरुवातीपासूनच सर्व काम निर्जंतुक वातावरणात करावे लागते.

काम कोठे अडते

वरील क्रम वाचताना पद्धत सोपी वाटते, आणि गोल बनवण्यापुरती ती खरोखरच फार अवघड नाही. परंतु गोल बनवण्याच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर प्रथिनाला धोका असतो.

पहिला धोका द्रावकाचा. पाणी आणि डायक्लोरोमिथेन जेथे भेटतात, त्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते. उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. दुसरा धोका घुसळण्याचा. जोराने ढवळले नाही तर थेंब बारीक होत नाहीत, आणि ढवळले तर हीच सीमा कित्येक पटींनी वाढते. तिसरा धोका सुकवण्याचा. पाणी काढून घेताना प्रथिनाचा आधार जातो, म्हणून ट्रेहॅलोजसारखी शर्करा सोबत घालतात.

चौथा धोका सर्वांत मोठा आहे आणि तो इंजेक्शन दिल्यानंतर सुरू होतो. गोल शरीरात गेल्यावर आत पाणी शिरते, बहुवारिक तुटू लागते आणि आम्ले तयार होतात. ती सहज बाहेर पडू शकत नाहीत. गोलाच्या आतील पीएच ३ पेक्षाही खाली गेल्याचे मोजमापांत आढळले आहे. जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठी प्रथिन टोचून दिले आणि त्याला तसेच आम्ल गोलाच्या पोटात भेटले, असा हा प्रकार होतो. शरीराच्या उष्णतेत आणि ओलाव्यात आठवडेच्या आठवडे राहायचे असल्यामुळे हानी वाढत जाते.

औषध सुटण्याचा वेगही हवा तसा नसतो. पृष्ठभागाजवळचे प्रथिन पहिल्याच दिवशी एकदम बाहेर पडते. मग बराच काळ फारसे काही सुटत नाही आणि बहुवारिक मोडकळीस आल्यावर पुन्हा वेग वाढतो. संप्रेरकाच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा हा लोंढा अपायकारक ठरू शकतो.

उपाय शोधले गेले आहेत. २००० मध्ये झू, मॅलरी आणि श्वेंडेमन यांनी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ मध्ये दाखवले की गोलात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळले तर आम्लता आवरते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन बरेच सुरक्षित राहते. हा पदार्थ म्हणजे आम्लपित्तावर घेतल्या जाणाऱ्या मिल्क ऑफ मॅग्नेशियातील घटक. पोटात जो उपाय चालतो, तोच गोलाच्या पोटातही चालला.

दोन औषधांचा धडा

यश कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हे दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

ल्यूप्रोलाइड हे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील औषध केवळ नऊ अमिनो आम्लांचे आहे. त्याला जपायची अशी गुंतागुंतीची घडीच नाही. जपानच्या ताकेदा कंपनीत विकसित झालेले त्याचे सूक्ष्मगोल १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रोजच्या टोचणीऐवजी महिन्यातून एक टोचणी पुरू लागली, आणि हे औषध जगभर रुजले.

वाढीचे मानवी संप्रेरक १९१ अमिनो आम्लांचे आहे. त्याचे सूक्ष्मगोल बनवताना पाणी टाळण्यात आले. संप्रेरक जस्ताशी बांधून त्याची भुकटी केली, ती बहुवारिकाच्या द्रावणात मिसळून अतिशीत तापमानात फवारली आणि थंड अल्कोहोलने द्रावक काढून घेतले. या पद्धतीचे ‘न्यूट्रोपिन डेपो’ हे औषध डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. महिन्यातून एक किंवा दोन टोचण्या पुरत होत्या. शास्त्रीयदृष्ट्या हे मोठेच यश होते. तरीही उत्पादन खर्चिक आणि क्लिष्ट असल्यामुळे २००४ मध्ये ते बंद करण्यात आले.

साखळी लहान असेल तर सूक्ष्मगोल उत्तम काम करतात, आणि साखळी मोठी, घडी नाजूक झाली की प्रत्येक पायरीची किंमत वाढत जाते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

धनुर्वाताची एकच टोचणी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. धनुर्वाताचे टॉक्सॉइड हे सुमारे दीड लाख डाल्टन रेणुभाराचे प्रथिन आहे, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या जवळजवळ सातपट. एका टोचणीची लस बनवण्याच्या संशोधनाला १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पाठबळ दिले. भारतातही दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत अमूल्य पंडा यांच्या गटाने पॉलिलॅक्टिक आम्लाच्या कणांत हे टॉक्सॉइड भरून प्रयोगशाळेतील प्राण्यांवर अभ्यास केले. एका मात्रेनंतर प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकल्याचे त्यांत दिसून आले.

माणसांसाठीची लस मात्र या मार्गाने लसीकरण कार्यक्रमात आली नाही. टॉक्सॉइड तयार करताना मूळ विषावर फॉर्माल्डिहाइडची क्रिया करतात. त्या क्रियेतून रेणूवर राहिलेले क्रियाशील गट थोड्याशा ओलाव्यातही शेजारच्या रेणूंशी बंध जोडतात आणि टॉक्सॉइडचे न विरघळणारे गठ्ठे होतात, हे १९९५ मध्ये लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. गोलाच्या आत नेमका हाच उबदार ओलावा असतो. शिवाय सूक्ष्मगोलांमुळे शीतसाखळीची गरज संपत नाही. पीएलजीए साधारण ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान मऊ पडते आणि ओलावा शिरल्यास त्याहूनही आधी. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात असे गोल उघड्यावर ठेवले तर ते चिकटून बसण्याचा धोका राहील.

शोध थांबलेला नाही. २०१७ मध्ये एमआयटीमधील संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात निराळी पद्धत मांडली. त्यांनी पीएलजीएच्या झाकणदार पेल्यासारखे सूक्ष्म कण आधी बनवले, नंतर त्यांत औषध भरले आणि वर झाकण बसवून ते बंद केले. यात औषधाची द्रावकाशी गाठच पडत नाही, आणि ठरलेल्या काळानंतर पेला फुटून मात्रा एकदम सुटते. ही पद्धत आश्वासक आहे. तरीही पेला फुटेपर्यंत आतील प्रथिन शरीराच्या उष्णतेत आणि ओलाव्यात टिकवणे, हा जुना प्रश्न तिलाही सोडवावा लागतो.

या काळात धनुर्वात मात्र हटला आहे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण, या निकषावर भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. ते साधले साध्या, दोन टोचण्यांच्या लसीने, स्वच्छ बाळंतपणाने आणि घरोघर जाऊन दुसऱ्या टोचणीची आठवण देणाऱ्या आशा कार्यकर्ती व परिचारिकांच्या पायपिटीने. २०१९ पासून गर्भवतींना धनुर्वात आणि घटसर्प यांची जोडलस देण्याचे धोरण आले, पण टोचण्या दोनच राहिल्या. रोवणीच्या दिवसांत बांधीवर जाऊन तारीख सांगणाऱ्या कार्यकर्तीचे काम अजून कोणत्याही सूक्ष्मगोलाने आपल्याकडे घेतलेले नाही.

वर्गात हा विषय कसा मांडावा

डायक्लोरोमिथेनची वाफ अपायकारक असल्याने वर दिलेली पद्धत साध्या वर्गात करू नये. पुढील तीन कृतींतून मात्र तिचे मर्म दाखवता येते.

पहिली कृती अंड्याच्या पांढऱ्या बलकाची. तीन वाट्यांत बलक घ्यावा. एकीत स्पिरिट घालावे, दुसरीत लिंबाचा रस, आणि तिसरी जोराने फेटावी. स्पिरिटने बलक लगेच पांढरा पडतो, लिंबाने काही वेळात ढगाळ होतो आणि फेटल्याने फेस होऊन बसतो. द्रावक, आम्ल आणि घुसळणे हे प्रथिनाचे तिन्ही धोके विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसतात.

दुसरी कृती दुहेरी पायसाची. रंगीत पाणी तेलात घालून बाटली जोराने हलवावी आणि लगेच ते मिश्रण साबणाच्या पाण्यात ओतावे. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या काही थेंबांत रंगीत पाणी अडकलेले दिसू शकते.

तिसरी कृती सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड मिळाल्यास करावी. अल्जिनेटच्या द्रावणात खाण्याचा रंग मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की मऊ गोळ्या बनतात. त्या स्वच्छ पाण्यात टाकून दर पाच मिनिटांनी पाण्याचा रंग पाहावा. रंग सुरुवातीला झपाट्याने आणि मग सावकाश उतरतो. पहिल्या दिवसाचा लोंढा म्हणजे काय, हे यातून समजते.

समारोप

सूक्ष्मगोलांचा विषय विद्यार्थ्यांसमोर नव्या युगाचा चमत्कार म्हणून मांडणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. गोल तयार करणे आणि त्याच्या आत प्रथिन शाबूत ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले बरेच साधले आहे, दुसरे लहान साखळ्यांपुरते साधले आहे आणि मोठ्या प्रथिनांसाठी अजून चालू आहे. हा भेद स्पष्ट करून शिकवले, तर गोंदिया, कामठी, नागपूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत पुढे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना नेमके काम कोठे उरले आहे ते कळेल. आणि तोवर गावातील दुसरी टोचणी चुकू नये, यासाठी आपापल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी आशा कार्यकर्तीच्या यादीला हातभार लावला, तर या विषयाच्या अभ्यासाचा तोही एक उपयोगच होईल.